ओहोटीची वाट बघणारी प्रदक्षिणा

गेल्या महिन्यात पुतण्याच्या मुलाचा फोन आला. "आजी, शनिवारी आम्ही मित्र कोकणात चाललोय. एका दिवसात दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर आणि जमलं तर खाडीपलीकडचं वेळास, एवढं होईल का गं?" मी म्हटलं, "होईल की. गाडीच्या काचेतून." तो हसला. मी मात्र विनोद करत नव्हते.

त्यावरून मनात जे आलं ते आज लिहून काढते आहे. सगळ्यांना पटेल असं नाही. माझं मत असं की हरिहरेश्वरला जायचं तर निदान एक रात्र, खरं म्हणजे दोन रात्री राहायला जावं. तेवढी सवड नसेल तर सवड होईल तेव्हा जावं. ही कर्मठपणाची गोष्ट नाही. त्या गावाची घडणच अशी आहे की तिथे घाईने गेलेल्या माणसाला ते भेटत नाही. आणि कधीकधी घाई जिवावरही बेतते. तेही पुढे सांगते.

हरिहरेश्वर हे माझ्या सासरचं कुलदैवत. लग्न झालं १९७३ साली, तेव्हा पहिल्यांदा गेले. साताऱ्याहून एस.टी.च्या गाड्या बदलत बदलत माणगाव, तिथून म्हसळा, श्रीवर्धन आणि मग हरिहरेश्वर. पोचेपर्यंत दिवे लागले होते. मी देशावरची मुलगी, समुद्र कधी पाहिलेला नाही. रात्रभर नुसता आवाज ऐकला आणि सकाळी उठून पाहिला. त्यानंतर किती वेळा गेले त्याची मोजदाद नाही. नवऱ्याबरोबर गेले, मुलांना घेऊन गेले, शाळेची सहल घेऊन गेले, आणि आता पाच-सहा वर्षं नणंदेबरोबर जाते. वन्सं ऐंशीच्या पुढच्या आहेत, पण कोकण म्हटलं की पिशवी भरून तयार!

ज्यांनी गाव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यात, सावित्री नदी जिथे समुद्राला मिळते त्याच्या जवळ हे गाव आहे. चार टेकड्यांना मिळून देवाचं घर मानतात. हरिहरेश्वर, हर्षिणाचल, ब्रह्माद्री आणि पुष्पाद्री. लोक याला दक्षिण काशी म्हणतात. देवळं दोन. एक काळभैरव-योगेश्वरीचं आणि दुसरं हरिहरेश्वराचं. रीत अशी की आधी काळभैरवाला जायचं, मग हरिहरेश्वराचं दर्शन घ्यायचं आणि परत येऊन पुन्हा काळभैरवापुढे उभं राहायचं. म्हणजे राखणदाराला सांगून आत जायचं आणि निघतानाही त्याला सांगूनच निघायचं. मला ही रीत फार आवडते. आपण कुणाच्या घरी गेलो तर असंच करतो ना?

पण या गावाचं खरं वैशिष्ट्य म्हणजे प्रदक्षिणा. देवळामागून पायऱ्या चढून टेकडीवर जायचं, मग कातळाच्या फटीतून उतरणाऱ्या पायऱ्यांनी थेट समुद्राशी यायचं. खाली लाटांनी कापून काढलेला काळ्या कातळाचा सपाट ओटा आहे. बाजूच्या कड्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकंच भोकं. खाऱ्या वाऱ्याने आणि पाण्याने हजारो वर्षांत पाडलेली. भूगोलाच्या पुस्तकात लाटांच्या झीजकार्याची आकृती असते, ती इथे पायाखाली असते. वाटेत गायत्री तीर्थ, शुक्ल तीर्थ अशी तीर्थं लागतात. टेकडीला वळसा घालून माणूस पुन्हा देवळाशी येतो.

ही प्रदक्षिणा फक्त ओहोटीला करता येते. भरती असली की ती वाट पाण्याखाली जाते. आपल्याकडे देवळं पहाटे उघडतात, दुपारी मिटतात, आरतीच्या वेळा ठरलेल्या असतात. त्या सगळ्या माणसांनी ठरवल्या. इथे मात्र प्रदक्षिणेची वेळ चंद्र ठरवतो. तुम्ही कितीही लांबून आलेले असा, कितीही घाईत असा, पाणी चढलं असेल तर थांबायचं.

भरतीची वेळ काढायचा एक जुना हिशेब कोकणात म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ असतो. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमाराला. अष्टमी असेल तर सहाच्या सुमाराला. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. दिवसातून दोनदा भरती आणि दर भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी खूप चढतं आणि खूप उतरतंही, ते उधाण. अष्टमीच्या आसपास चढ-उतार कमी, तो भांग. मी वर्गात हे शिकवत असे तेव्हा मुलं म्हणायची, "बाई, हे गणित आहे की भूगोल?" मी म्हणायची, "हे मराठी आहे. उधाण आणि भांग हे शब्द लिहून घ्या." अर्थात हा अंदाजाचा हिशेब झाला. नेमकी वेळ आता मोबाईलवर मिनिटासकट कळते. पण कळण्यासाठी आधी विचारावं लागतं, आणि तेच कुणी विचारत नाही.

१९८८ च्या जानेवारीत मी बेचाळीस मुलांची सहल घेऊन हरिहरेश्वरला गेले होते. दिवस पौर्णिमेच्या आसपासचा. सकाळी नऊला पोचलो, दर्शनं झाली आणि मुलं प्रदक्षिणेला धावली. तेवढ्यात देवळातले एक वृद्ध गुरुजी म्हणाले, "बाई, आता पोरांना खाली नेऊ नका. पाणी चढतंय. चार वाजून गेल्यावर बघा." आमच्याबरोबरचे एक सर वैतागले. दुपारी जेवण श्रीवर्धनला, संध्याकाळी पुढचा मुक्काम, सगळं ठरलेलं. त्यांचं म्हणणं प्रदक्षिणा सोडून द्यावी. माझं म्हणणं थांबावं. शेवटी थांबलो. जेवण तिथल्याच एका घरात सांगितलं. कुळथाचं पिठलं आणि भात, बेचाळीस पोरांना पुरेल एवढा!

त्या सहा-सात तासांत काय झालं? खरं सांगायचं तर फारसं काही नाही. मुलं एका वाडीत गेली. पोफळ आणि नारळ यातला फरक झाडाकडे बघून ओळखायला शिकली. एका आजींनी सुपारी सोलून दाखवली. वाळूच्या किनाऱ्याला पुळण म्हणतात हे कळलं. गणपतीपुळे हे नाव पुळणीवरूनच पडलं असं सांगतात. नारळी-पोफळीच्या बागेला आगर म्हणतात, बागेला पाणी घालण्याला शिंपणं म्हणतात, हेही कळलं. साडेचारला पाणी उतरलं आणि आम्ही सगळे कातळावरून प्रदक्षिणा करून आलो. त्या वर्गातली मुलं आज पन्नाशीची आहेत. कधी भेटली की सहलीचं निघतंच, आणि प्रत्येकाला आठवतं ते थांबणं. "बाई, तुम्ही आम्हाला दिवसभर थांबवलं होतंत." बाकी काय काय पाहिलं ते कुणाच्या लक्षात नाही.

आता दुसरी गोष्ट. ही लिहावी की नाही असं दोनदा वाटलं. माझ्या एका विद्यार्थ्याचा मुलगा, एकोणीस वर्षांचा, काही वर्षांपूर्वी कोकणातल्या एका किनाऱ्यावर गेला. गावाचं नाव लिहीत नाही. सकाळपासून दोन देवस्थानं आणि एक किल्ला करून मुलं दुपारी अडीचला पाण्याशी पोचली. चारला परत निघायचं होतं. ओहोटी लागलेली. शहाळी विकणाऱ्या बाईने हटकलं, "आता उतरू नका रे, पाणी ओढतं." मुलं म्हणाली, "मावशी, दहाच मिनिटं." पुढचं सांगत नाही.

मी भेटायला गेले तेव्हा माझा विद्यार्थी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "बाई, त्यांना चारला निघायचं होतं हो." ते वाक्य माझ्या कानातून जात नाही. मुलं बेफिकीर नव्हती, वाईट तर नव्हतीच. त्यांच्याकडे वेळ नव्हता एवढंच. ज्याच्याकडे दीडच तास आहे तो ‘आता नको, मग’ हे ऐकूच शकत नाही. त्याच्या कार्यक्रमात ‘मग’ला जागाच नसते.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. ओहोटी प्रदक्षिणेला चांगली, पण पोहायला वाईट. कातळावर भरती धोक्याची, पुळणीवर ओहोटी धोक्याची. म्हणजे एकच नियम पाठ करून भागत नाही. तिथल्या माणसाला विचारावं लागतं आणि विचारायला थोडा मुक्काम लागतो. पाच मिनिटांपूर्वी आलेल्या माणसाला कुणी नीट सांगत नाही. सांगितलं तरी त्याला ते अडवणुकीसारखं वाटतं. रात्री ज्यांच्या घरी जेवलो त्यांनी सकाळी "आज नको" म्हटलं तर आपण ऐकतो.

यावर लोक म्हणतील, "बाई, तुमचं ठीक आहे. तुम्हाला निवृत्तीवेतन आहे, वेळच वेळ आहे. आठवड्यातून एक सुट्टी मिळणाऱ्यांनी काय करायचं?" प्रश्न रास्त आहे. दुसरंही म्हणतील, की गर्दीला नावं ठेवणं सोपं असतं, पण त्या गर्दीवर गावाची चूल पेटते. हेही खरं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर या पट्ट्यातल्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. आजोबांनी लावलेल्या पोफळी एका दुपारीत गेल्या. वर्षभराने आम्ही गेलो तेव्हा ज्यांच्याकडे नेहमी उतरतो त्या वहिनी म्हणाल्या, "काकू, वाडीत ऊनच ऊन झालंय बघा." तेवढं एकच वाक्य. ज्या वाडीत भर दुपारी गारवा असे तिथे उभं राहवत नव्हतं. पोफळ लावली की सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. तोवर खायचं काय? तेव्हा पाहुणे आले म्हणून ती घरं तगली. म्हणून पर्यटक येऊच नयेत असं म्हणण्याचा मला अधिकार नाही आणि तशी इच्छाही नाही.

पण हिशेब करून बघा. सकाळी येऊन संध्याकाळी जाणारी गाडी गावाला काय देते? वाहन उभं करण्याचे पैसे, पाण्याच्या बाटल्या, एखादं जेवण. आणि मागे काय ठेवते? त्याच बाटल्या! काही गाड्या तर पुळणीवर चाकं रुतेपर्यंत जातात आणि मग त्या बाहेर ओढायला गावकरी लागतात. दोन रात्री राहणारं कुटुंब खोलीचं भाडं देतं, चार वेळा जेवतं, निघताना कोकम, आमसुलं, सुपारी घेऊन जातं, आणि पुढच्या वर्षी फोन करून पुन्हा येतं. तेव्हा गावाचं पोट आणि गावाची शांतता यांचं भांडण आहे असं मला वाटत नाही. भांडण आहे ते घाईचं, आणि घाईतून गावाला मिळतं फार थोडं.

दिवेआगरचं उदाहरण घ्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये तिथे एका बागेत खणताना तांब्याच्या पेटीत सोन्याचा गणपतीचा मुखवटा सापडला आणि गावाचं नाव महाराष्ट्रभर झालं. गाड्यांच्या रांगा लागल्या. मार्च २०१२ मध्ये देवळावर दरोडा पडला. दोन रखवालदारांचे जीव गेले, मुखवटा चोरांनी वितळवून टाकला. त्यानंतर गेलो तर गर्दी ओसरलेली. पुढे सोनं परत मिळालं, मुखवटा नव्याने घडवला गेला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याची पुन्हा स्थापना झाली. आता रांगा आहेतच.

गणपती मिळाला याचा मलाही आनंद आहे. वन्संनी तर डोळे पुसले. पण मनात येतं, मधल्या नऊ वर्षांत दिवेआगर कुठे गेलं होतं? रूपनारायणाची सुंदर मूर्ती तिथेच होती, ती लांबच लांब पुळण तिथेच होती. आणि मराठी शिकवणाऱ्या बाईला न विसरता येणारी एक गोष्ट आहे. शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा दिवेआगरचा ताम्रपट. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. ज्ञानेश्वरीच्या दोनशे तीस वर्षं आधीचा! आपली भाषा तांब्यावर कोरली गेली ते हे गाव. पण गाडी थांबते ती सोन्यापाशी. दहा मिनिटांत सोनं पाहून होतं, आणि मग "इथे बघण्यासारखं आणखी काही आहे का हो?" असं विचारून माणसं गाडीत बसतात.

माणसांना थांबायला सांगून उपयोग नाही, ती थांबणारच नाहीत, असं मला पुष्कळ जण सांगतात. मला ते मान्य नाही, आणि त्याचा पुरावा हरिहरेश्वरपासून फार लांब नाही. बागमांडल्याला जेटीवर जावं, फेरीबोटीत गाडी घालावी, सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला उतरावं आणि वेळासला जावं. तिथे ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं पुळणीत अंडी घालतात. पूर्वी ती अंडी माणसंच उकरून नेत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती राखायला सुरुवात केली, आणि २००६ पासून कासव महोत्सव होऊ लागला. कुंपणात ठेवलेल्या अंड्यांतून पिल्लं निघाली की सकाळी आणि संध्याकाळी ती पाण्याकडे सोडतात. सकाळची वेळ गाठायची तर रात्री गावातच कुणाच्या घरी मुक्काम करावा लागतो. आणि एवढं करून कधीकधी एकही पिल्लू निघत नाही.

आम्ही गेलो होतो तेव्हा असंच झालं. पहाटे शे-दीडशे माणसं दोरीमागे उभी. त्यात लहान मुलं, तरुण मुलं-मुली. टोपली उचलली, खाली काही नाही. कुणी आरडाओरडा केला नाही. "संध्याकाळी बघू" म्हणून सगळे चहाला गेले. मी वन्संना म्हटलं, "बघा, हीच माणसं रस्त्यावर भोंगे वाजवत आली असतील." वन्सं म्हणाल्या, "अगं, कासवापुढे कुणाचं काय चालतंय!" तेच तर म्हणते मी. ‘इथे तुमच्या वेळेने काही होणार नाही’ असं आधीच सांगितलं तर माणसं ते ऐकतात.

म्हणून माझं सांगणं थोडकं आहे. देवस्थानांनी आरतीच्या वेळा लिहितात तिथेच, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळाही लिहाव्यात. खोली ठरवताना पाहुण्याला त्या कळवाव्यात. शाळांनी एका दिवसात चार ठिकाणं दाखवणारी सहल काढण्यापेक्षा एक ठिकाण निवडून मुक्काम करावा. मुलांना मोजायला जागा कमी मिळतील, पण आठवायला जास्त मिळेल. आणि ज्यांना एकच सुट्टी आहे त्यांनी एकच गाव निवडावं. सकाळी पोचल्यावर पहिला प्रश्न ‘दर्शनाची रांग कुठे’ हा न विचारता ‘आज पाणी कधी उतरतं’ हा विचारावा. बाकीची गावं कुठे पळून जात नाहीत. माझी मोजदाद नसलेल्या फेऱ्यांनंतरही मला त्या बाजूची कितीतरी गावं पाहायची राहिली आहेत, आणि त्याचं मला दुःख नाही.

वाट बघणं हा या प्रदक्षिणेचाच भाग आहे असं मला वाटतं. ज्यांनी ती घालून दिली त्यांच्या मनात काय होतं ते सांगायला आता कुणी नाही. पण देवाभोवती फिरायचं तर आधी समुद्राला विचारा, अशी ती व्यवस्था आहे खरी. देवाला मानणाऱ्याने ती भक्ती समजावी, न मानणाऱ्याने निसर्गाची शिस्त समजावी. दोघांनाही काठावर बसावं लागतं ते सारखंच.

पुतण्याच्या मुलाला मी एवढंच म्हटलं, की चार गावांतलं एक निवड आणि रविवारी परत ये. त्याने काय केलं ते अजून विचारलेलं नाही. तुम्ही कुणी जाणार असाल तर मात्र निघायच्या आधी पंचांगात तिथी बघा आणि तिची पाऊणपट करा.